नवा अल्टरनेटर आणि मिस्त्रींची शिस्त

आज होटगी रस्त्यावरील एका गॅरेजमध्ये आमच्या जीपला नवा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी चार्ज करणारा भाग, बसवून घेतला आणि मिस्त्रींचे काम जवळून पाहता आले. त्यांनी सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली, कारण अल्टरनेटरची जाड तार गाडी बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर वायरिंग जळू शकते. पुलीच्या खाचा, बोल्टची छिद्रे आणि अँपिअर क्षमता जुन्या भागाशी ताडून पाहिल्यावरच त्यांनी नवा भाग चढवला. एवढी काळजी आता फार थोडे जण घेतात, याची मला खंत वाटते. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल राहिला तर घसरतो आणि चार्जिंग कमी होते, अति ताणला तर बेअरिंग लवकर खराब होते, म्हणून त्यांनी तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांपलीकडे असताना, बोनेटखालची उष्णता अल्टरनेटरमधील डायोड आणि रेग्युलेटर या विजेच्या नाजूक भागांना सोसावी लागतेच. इंजिन सुरू केल्यावर मल्टिमीटरने १४.२ व्होल्ट दाखवले, म्हणजे चार्जिंग नीट होत होते, आणि हेडलाइट लावल्यावरही आकडा फारसा उतरला नाही. उतरलेली बॅटरी मात्र आज रात्री चार्जरवर पूर्ण भरणार आहे. तो भार पहिल्याच दिवशी नव्या अल्टरनेटरवर टाकू नये, असे मिस्त्रींनी बजावले आहे.