हस्ताचा पाऊस, ऑक्टोबरचं ऊन आणि कुंडीतली माती

अनंत चतुर्दशी ते कोजागिरी या महिन्याभरात पुण्याकडच्या गच्चीवरच्या आणि परसातल्या बागेचं पुढच्या मार्चपर्यंतचं नशीब ठरतं. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, मधूनच ऊन चटकायला लागतं, आणि बाजारात मेथी-पालकाच्या बियांची पाकिटं लटकू लागतात. बहुतेक जण तिथेच चुकतात. ज्या कुंडीत जूनपासून भेंडी होती, तीच वरवर उकरून त्यात मेथी पेरतात. मेथी उगवते, दोन बोटं वाढते आणि पिवळी पडून तिथेच थांबते. मग दोष बियाण्याला दिला जातो. दोष बियाण्यात क्वचितच असतो, तो मातीत असतो. म्हणून या महिन्यातलं पहिलं काम माती, पेरणी त्यानंतर.

चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतल्या मातीचं काय होतं ते आधी पाहू. नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि खालच्या भोकांतून वाहून जातं. पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने वरचा थर दाबला जातो, त्यावर शेवाळ धरतं आणि उन्हात त्याचा कडक पापुद्रा होतो. त्याखाली माती घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. तळाच्या भोकांत मुळं आणि गाळ अडकलेला असतो. कुंडीची माती कडेपासून तीन-चार बोटं खाली गेलेली दिसते, कारण त्यातलं सेंद्रिय द्रव्य कुजून संपलेलं असतं. एवढ्या बिघाडावर वरून मूठभर खत टाकून भागत नाही. कुंडी रिकामी करावी लागते.

रिकामी करण्याची वेळ साधायला हवी. माती चिखल असताना उपसली तर तिचे गोळे होतात आणि वाळल्यावर ते दगडासारखे घट्ट होतात, विशेषतः काळ्या मातीचे. पूर्ण कोरडी झाली तर ढेकळं फुटता फुटत नाहीत. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती अवस्था कुंडीलाही असते: मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की तो सुटा होतो. पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांनी ही अवस्था येते. तेव्हा कुंडी आडवी करून माती प्लास्टिकच्या कागदावर पसरा. जाड मुळं काढून टाका, बारीक राहू द्या, ती तिथेच कुजतात. हे करताना पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या सापडल्या तर ती हुमणी. ती मुळं खाते. वेचून मारा, कारण नवं रोप मारायला एका कुंडीत दोन हुमण्या पुरेशा होतात. हुमणी बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते, म्हणून शेणखत हातात घेतल्यावर त्याला वास येत नसेल आणि ते भुसभुशीत, थंड लागत असेल तरच वापरा. मातीला तीन-चार दिवस कडक ऊन द्या, रोज एकदा वर-खाली करा. रात्री झाका. हस्ताचा पाऊस दुपारपर्यंत आभाळ निरभ्र ठेवतो आणि संध्याकाळी अर्ध्या तासात सगळं वाहून नेतो.

आता प्रमाण. जुनी माती २ भाग, चांगलं कुजलेलं शेणखत, कंपोस्ट किंवा गांडूळखत १ भाग आणि अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाताचं तूस. बारा इंची कुंडीत साधारण १२ ते १४ लिटर मिश्रण मावतं, त्यात निंबोळी पेंड एक मूठ, म्हणजे ४०-५० ग्रॅम. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजवली की आठ-नऊ लिटर होते. ती दोनदा तरी साध्या पाण्याने धुऊन पिळून घ्या, नाही तर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात. मिश्रण भरल्यावर लगेच पेरू नका. पेंड ओली झाली की कुजताना तापते आणि उगवतं बी मारते. पाणी देऊन आठ-दहा दिवस कुंडी तशीच ओलसर ठेवा. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, वापरायचं असेल तर ते याच वेळी कंपोस्टात मिसळा. त्यानंतर रासायनिक बुरशीनाशक ओतलं तर दोन्हीचे पैसे वाया.

गणपतीनंतर दोन गोष्टी घरात हमखास असतात, शाडू आणि निर्माल्य. शाडूची मूर्ती बादलीत विरघळवून ती माती झाडांना घालावी असं सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला अर्धवट आहे. शाडू अतिशय बारीक कणांची चिकण माती असते. ती कुंडीत जास्त झाली की पाण्याचा निचराच बंद होतो आणि वाळल्यावर तिला भेगा पडतात. रंग नैसर्गिक असतील तर एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत चालेल, त्यापुढे नाही. खरं तर ती वाळवून डब्यात ठेवावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा मूर्तीलाच वापरावी. निर्माल्याचं मात्र उत्तम खत होतं. दोरे, जरी, थर्माकोल काढून टाका, फुलं-दुर्वा-पत्री कात्रीने बारीक करा आणि एक घमेलं निर्माल्याला दोन ते तीन घमेली वाळका पालापाचोळा मिसळा. पाचोळा कमी पडला की घाण वास सुटतो आणि चिलटं जमतात. दोन-तीन दिवसांआड ढवळलं तर दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं, म्हणजे टोमॅटोला फुलं लागण्याच्या सुमारास.

पावसाळी वेलांचा मोह लवकर सोडावा. दोडका, कारलं, काकडी यांच्या पानांवर या दिवसांत भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, येते. दिवसा उबारा, रात्री गारवा आणि पहाटे दव, हे तिला हवं असलेलं हवामान. अर्ध्याहून जास्त पानं पांढरी झाली असतील तर फवारणीत वेळ घालवू नका, वेल काढा. बोटाएवढी फळं पिवळी पडून कुजत असतील तर फळमाशी आहे. तशी फळं कंपोस्टात कधीही टाकू नका, कारण अळ्या त्यातून मातीत उतरून कोषात जातात आणि माश्या होऊन परत येतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग टाका. एखादा देशी दोडका वेलावरच वाळू द्यावा. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की पुढच्या वर्षीचं बी आणि अंघोळीची घासणी दोन्ही झाली. संकरित वाणाचं बी मात्र ठेवू नये, पुढची पिढी तशी निघत नाही.

पेरणीत घाई करू नये असं मी म्हणते ते सगळ्या भाज्यांना सारखं लागू नाही. मेथीला ऑक्टोबरचं ऊन चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवते आणि महिन्याच्या आत काढता येते. पालकाचं बी रात्रभर भिजवून पेरा. एकेका बोंडातून दोन-तीन रोपं निघतात, म्हणून दाट पेरू नका. पहिली कापणी पाचेक आठवड्यांनी, बुडाशी दोन बोटं ठेवून. मुळा लवकर घालायचा असेल तर ‘पुसा चेतकी’सारखा उष्णता सोसणारा वाण घ्या, नाही तर मुळा तिखट आणि आतून जाळीदार होतो. त्याला पेंड-खत फार दिलं की नुसता पाला माजतो. गाजरालाही ताजं शेणखत नको, त्याची मुळं फाटे फोडतात.

कोथिंबिरीवर जरा थांबायला हवं. धण्याचा दाणा म्हणजे दोन बिया. चपलेखाली किंवा लाटण्याने हलकं रगडून तो दुभंगावा, चूर होऊ देऊ नये, मग बारा तास भिजवून अर्धा इंच खोल पेरावा. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि या काळात माती एकदा जरी कडकडीत वाळली तरी निम्मं बी जातं. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गच्चीवरची कुंडी इतकी तापते की उगवण विरळ होते आणि उगवलेली कोथिंबीर लवकर फुलावर येते. दसऱ्यानंतर, रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. आधी हवीच असेल तर उगवेपर्यंत कुंडी सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका आणि पहिला मोड दिसताच ते काढा. परतीच्या पावसाच्या टपोऱ्या थेंबांनी बी उडून कडेला जमतं, तेही गोणपाटाने वाचतं. टोमॅटो-वांग्याचं बी मात्र सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये पडायला हवं, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी रोपं लावताना उन्हाचा जोर ओसरलेला असतो. वाटाण्याला नोव्हेंबरच बरा.

पाण्याचं गणित या महिन्यात अवघड असतं. पावसाळ्यात वरच वर ओल मिळाल्याने मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. पाऊस थांबून चार दिवस झाले आणि पाणी द्यायचं राहिलं की हीच मुळं आधी भाजतात. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. ऑक्टोबरच्या ऐन उन्हात भाजीने भरलेल्या बारा इंची कुंडीला रोज एक ते दीड लिटर लागतं, सकाळी. वर दोन इंच वाळक्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, खोडापासून इंचभर लांब. ते चिकटून राहिलं की खोड कुजतं.

जागाही बदलावी लागते आणि याचा विचार फार थोडे करतात. पुण्यात जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, मग तो दक्षिणेकडे कलत जातो. गच्चीचा दक्षिणेकडचा कठडा तीन फूट उंच असेल तर सप्टेंबरअखेर दुपारी बाराला त्याची सावली जेमतेम एक फूट पडते, डिसेंबरात तीच पावणेतीन फूट होते. म्हणजे आज उन्हात ठेवलेला टोमॅटो दिवाळीनंतर सावलीत जाईल. जड कुंड्या भरण्याआधीच कठड्यापासून तीन फूट आत सरकवा. दक्षिणमुखी बाल्कनीत उलटं होतं: चार महिने जिथे ऊन येत नव्हतं तिथे आता चांगलं आत येतं. पालेभाज्यांना ही जागा सोन्यासारखी आहे.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे पिठासारखी पांढरी कीड, याच सुमारास वाढतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की तो आहेच समजा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवा, मग १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी. ती हाताने उचलावी, औषधाची गरज नाही.

गुलाबाची छाटणी पाऊस नक्की संपला की, बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या (नवी फांदी फुटते त्या अंकुराच्या) पाव इंच वर, तिरका काप देऊन. कापलेल्या टोकांना बुरशीनाशकाचा लेप लावा, नाही तर फांदी वरून खाली काळी पडत जाते. त्यानंतर दीड-पावणेदोन महिन्यांनी फूल येतं. शेवंतीचे शेंडे मात्र आता खुडू नका. दिवस लहान झाले की ती कळी धरते, आत्ता खुडलेला शेंडा म्हणजे गेलेलं फूल. तिला फक्त काठीचा आधार द्या. तुळशीच्या मंजिऱ्या काढून वरचा एक तृतीयांश भाग सप्टेंबरअखेर छाटला आणि मूठभर गांडूळखत दिलं, तर कार्तिकात लग्नाच्या वेळी ती वृंदावनात भरगच्च दिसते.