आमची वाटचाल: विहिरीतून दिसलेला सह्याद्री

पुण्यात फर्म सुरू केली तेव्हा प्रदर्शनांचे स्टॉल आणि उद्यानांतले माहितीफलक एवढीच कामं मिळायची. मग सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका निसर्ग केंद्राचं काम आलं आणि आमची दिशाच बदलली.

टेंडरमध्ये काचेची कपाटं होती आणि धूर सोडणारा शंकूसारखा ज्वालामुखी होता. पण सह्याद्री असा घडलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचत गेले. त्यामुळे तो शंकू आम्ही करणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगितलं.

दाखवायचं काय, ते गावच्या विहिरीत सापडलं. विहिरी खोदणारी माणसं खडकाला नावानं ओळखतात: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच तांबडा गेरूचा पट्टा. मांजऱ्यात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात आणि त्यांत नंतर पांढरी खनिजं भरलेली असतात. तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधला निवांत काळ. तेवढ्यात खालचा खडक झिजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्हानं ती भाजली.

म्हणून मुख्य दालनच विहिरीसारखं गोल केलं. उतरत्या वाटेनं खाली जाताना भिंतीत खरे दगड, खऱ्या क्रमानं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज जगभर नावाजलेलं आहे, तरी ते आणलं नाही. पायाच्या खोदाईत निघाला तोच दगड वापरला, कारण पाहुण्याला बाहेर पडल्यावर डोंगरात तोच दिसायला हवा. खनिजांच्या पोकळ्या मुलांच्या हाताला येतील एवढ्या खाली ठेवल्या. काच कुठेही नाही.

सगळ्यात जास्त गर्दी पाण्याच्या कट्ट्यावर होते. मुरमावर तांब्याभर पाणी ओता, जिरतं. काळ्या पाषाणावर ओघळून जातं, भेग असेल तरच आत शिरतं. आपल्या विहिरीला पाणी का लागलं नाही, हे शेतकरी तिथे उभे राहून एकमेकांना समजावतात. त्यासाठी फलक लिहायची गरजच पडली नाही.

या कामात नफा जेमतेम सुटला. पण पुढची कामं यातूनच आली. सध्या कोकणातल्या एका सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभ्याची म्हणजे तिथल्या तांबड्या दगडाची ओळख करून देणारं केंद्र उभं करतोय. खाणीतून ताजा निघालेला जांभा मऊ असतो, उघड्यावर राहिला की कठीण होतो. हा बदल बोटांना कळावा म्हणून जांभ्याचा ताजा चिरा (कापलेला ठोकळा) आणि जुना चिरा शेजारी शेजारी ठेवणार आहोत. ताजा चिरा ठरावीक दिवसांनी बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे.