दरवर्षीचं पासिंग

साताऱ्यात बाबांच्या स्कूटरला पंधरा वर्षं झाली, तेव्हा तिचं पासिंग करायला मी त्यांच्यासोबत आरटीओत गेलो होतो. एमएच ११ ची ती गाडी पुढच्या पाच वर्षांसाठी पास झाली आणि घरी येताना बाबांनी पेढे घेतले. त्यामुळे २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये मी दहा वर्षं जुनी टूरिंग बाईक, म्हणजे लांबच्या प्रवासाची मोटरसायकल, घेतली आणि इथे तीन वर्षांपुढच्या मोटरसायकलचं पासिंग दरवर्षी होतं हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "अरे, मग जुनी कशाला घेतलीस? दरवर्षी नापास झाली तर?"

या पासिंगला इथे एमओटी म्हणतात. आतापर्यंत सहा वेळा गाडी नेली. पाच वेळा पहिल्या फटक्यात पास झाली, एकदा नापास. जुनी टूरिंग बाईक घ्यायचा विचार करणाऱ्या आपल्या माणसांसाठी हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात गाडी घेण्याआधीच होते. इथल्या सरकारी संकेतस्थळावर कुठल्याही गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तिच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात. पास की नापास, मीटरवर किती मैल होते, टेस्टरने काय शेरा मारला, सगळं. मी दोन गाड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. पहिली कधीच नापास झाली नव्हती, पण हँडलच्या कोनसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर वळतं त्यात, थोडा खेळ आहे असा शेरा तिच्यावर लागोपाठ तीन वर्षं होता. असा शेरा म्हणजे ॲडव्हायझरी. गाडी पास आहे, पण लक्ष ठेवा. तीन वर्षं त्या मालकाने ठेवलं नव्हतं. दुसरी गाडी २०११ पासूनच्या आठ तपासण्यांत एकदा नापास झाली होती, पण मागचा टायर संपत आलाय हा शेरा एका वर्षी दिसायचा आणि पुढच्या वर्षी गायब. म्हणजे कोणीतरी वाचून काम करून घेत होतं. मी ही दुसरी घेतली. नुसतं पास-नापास पाहिलं असतं, तर पहिली घेऊन बसलो असतो.

टूरिंग बाईकला या तपासणीत एक फायदा असतो. पॅन युरोपियन, एफजेआर १३००, बीएमडब्ल्यूची आरटी अशा गाड्यांना चेन नसते, मागचं चाक फिरवणारा शाफ्ट म्हणजे दांडा असतो. माझ्या गाडीलाही शाफ्टच आहे. त्यामुळे सैल चेन, झिजलेलं स्प्रॉकेट ही नापास व्हायची कारणं मुळातच नाहीत. आणि आपल्याकडच्या पीयूसीची सवय असलेल्यांना नवल वाटेल, पण इथे मोटरसायकलच्या एमओटीत धूर मोजतच नाहीत. बघतात ते दिवे, हॉर्न, टायर, फोर्कचे ऑइल सील, चाकांची बेअरिंग, कोनसेट आणि ब्रेक. एका ब्रेकने किमान ३० टक्के आणि दुसऱ्याने किमान २५ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. टेस्टर गाडीचा एकही भाग उघडत नाही. जे बाहेरून दिसतं, हलतं, वाजतं, तेवढंच तपासतो. तपासणी बघायला ठरवून दिलेली जागा असते. मी दरवेळी तिथे उभा राहतो. वीसेक मिनिटांत गाडीबद्दल जे कळतं, ते वर्षभर चालवून कळत नाही. मोटरसायकलची फी जास्तीत जास्त २९ पौंड ६५ पेन्स.

मे २०१९ ला गाडी एकाही शेऱ्याशिवाय पास झाली. पुढची तारीख मे २०२० होती. मार्च २०२० च्या अखेरीस सरकारने एमओटीच्या तारखा आपोआप सहा महिने पुढे ढकलल्या, माझी थेट नोव्हेंबरवर गेली. ऑफिस घरातून, वेल्सच्या सहली बंद. गाडी ओल्या हवेत प्लॅस्टिकच्या कव्हरखाली उभी. मी महिन्यातून एकदा इंजिन चालू करायचो आणि आपण काळजी घेतोय असं मानायचो.

नोव्हेंबरमध्ये टेस्टरने मागचं चाक हाताने फिरवलं. ते अर्धा फेराही फिरलं नाही. त्याने पुन्हा फिरवलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली. मागचा ब्रेक धरून राहत होता. आधीच्या हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात ते मीठ ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये बसलं होतं. मी ते धुतलं नव्हतं. वर सहा महिन्यांची ओल. पिस्टन आणि स्लाइड पिन दोन्ही गंजले होते. दुसरा दोष मला माहीतच नव्हता: पुढचा ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागत नव्हता. पायाच्या ब्रेकने लागायचा, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. एप्रिल १९८६ नंतरच्या गाडीला तो दोन्हींनी लागावा लागतो. नापासच्या कागदावर दोन्ही दोष 'मेजर' म्हणून लिहून आले.

मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. पैशांचं नाही. तो दिवा लागत नसताना मी तीच गाडी रस्त्यावरून टेस्टपर्यंत चालवत आणली होती, आणि मागून येणाऱ्याला मी थांबतोय हे कळायची सोय नव्हती. गाडी तिथेच ठेवली. दुरुस्तीसाठी त्याच ठिकाणी ठेवली आणि दहा कामाच्या दिवसांत फेरतपासणी झाली, तर तिची वेगळी फी लागत नाही. कॅलिपर उघडून साफ झाला, नवे सील बसले, लिव्हरखालचा छोटा स्विच बदलला. चौथ्या दिवशी पास.

तेव्हापासून पद्धत बदलली. मीठ पडायला लागलं की दर फेरीनंतर साध्या गार पाण्याने ब्रेक आणि चाकं धुतो. तपासणीच्या दोन आठवडे आधी, संध्याकाळी अंधार पडल्यावर, गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करतो आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून भिंतीवरचा लाल उजेड बघतो. मधल्या स्टँडवर चाकं हाताने फिरवतो. मुदत संपण्याआधीच्या साधारण महिनाभरात टेस्ट करून घेतली तरी पुढची तारीख तीच राहते, म्हणून मी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नेतो. दुरुस्तीला वेळ मिळतो. २०२१, २०२२, २०२३, तिन्ही वेळा स्वच्छ कागद.

२०२४ मध्ये एक ॲडव्हायझरी आली, मागच्या टायरची. मोटरवेवर सरळ मैलोन् मैल चालवलं की टूरिंग बाईकचा टायर मधोमध सपाट होतो, कडेला नक्षी शाबूत दिसते. नियमाने रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात किमान १ मिलिमीटर नक्षी हवी. माझी जेमतेम तेवढी होती, म्हणून पास.

गॅरेजमधून घरी पोचेपर्यंत बाबांचा फोन आला. माझ्या गाडीचा नंबर त्यांना पाठ आहे. तिची तारीख आली की ते साताऱ्यात चष्मा लावून ते संकेतस्थळ उघडतात.

"पास झाली बघ," ते म्हणाले. "पण मागच्या टायरचं लिहिलंय त्याने. कधी बदलतोस?"

शनिवारची वेळ घेतली.