आरसा, लाल डाग आणि आत्मभान

मंगळवार, रात्र

माणूस आणि प्राणी यांच्यातली रेघ कुठे मारायची, हा वाद निघाला की आरशाची चाचणी, म्हणजे आरशातलं रूप आपलंच आहे हे प्राण्याला कळतं का याची तपासणी, हटकून पुढे येते. भांडण होतं आत्मभानावर, घोळ असतो चाचणीच्या तपशिलात. म्हणून तो तपशील आज नीट लिहून ठेवतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलपने १९७० मध्ये चिंपांझींपुढे रोज ८ तास, असे १० दिवस आरसा ठेवला. सुरुवातीला ते आरशातल्या 'दुसऱ्या'ला धमकावत. तीनेक दिवसांत ते ओसरलं आणि आरशात बघून दातांत अडकलेलं अन्न काढणं सुरू झालं. मग भूल देऊन एका भुवईवर आणि दुसऱ्या बाजूच्या कानाच्या टोकाला लाल रंग लावला. रंगाला वास नको, वाळल्यावर कातडीला जाणवायला नको. शुद्धीवर आल्यावर आधी ३० मिनिटं आरशाशिवाय बघायचं, हात डागाकडे किती वेळा जातो ते. ही पायरी गाळली तर सगळंच मुसळ केरात: हात ओळख पटल्यामुळे गेला की नुसती खाज सुटली म्हणून, हे कळणारच नाही. त्यानंतर आरसा. आता हात डागाकडे वारंवार गेले, म्हणजे ओळख पटली. पूर्वी आरसा न पाहिलेल्या चिंपांझींनाही तसाच रंग लावला. त्यांचे हात डागाकडे गेले नाहीत.

माकडं नापास झाली. हत्तीही आधी नापास होते, पण आरसा लहान आणि गजांपलीकडे होता. २००६ मध्ये छापलेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात सुमारे अडीच मीटर उंच-रुंद आरसा हत्तिणींच्या आवारातच बसवला. कपाळाच्या एका बाजूला पांढरी फुली, दुसऱ्या बाजूला न दिसणारी तशीच फुली. तिघींपैकी हॅपीची सोंड वारंवार पांढऱ्या फुलीकडे गेली. कुत्र्यांचं जग वासाचं. त्यांना आरशापुढे बसवून नापास ठरवणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

खरी पंचाईत केली क्लीनर रास या बोटाएवढ्या माशाने. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन तो जगतो. २०१९ च्या जपानी प्रयोगात त्याच्या गळ्याखाली परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका टोचला. आरशात तो दिसल्यावर मासा गळा तळाशी घासायला लागला. ठिपका पारदर्शक असला किंवा आरसा नसला, तर घासणं नाही. म्हणजे पथ्यं सगळी पाळलेली. तरी गॅलपसकट अनेकांनी मान डोलावली नाही.

उलट बाजूही बघायला हवी. २०११ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात केनियातल्या दीड ते सहा वर्षांच्या ८२ मुलांपैकी जेमतेम दोघांनी अंगावरच्या खुणेला हात लावला. बाकीची बहुतेक आरशापुढे नुसती थिजली. त्यांना 'मी' नाही असं कोणी म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. पण मूल नापास झालं की चाचणीत खोट, मासा पास झाला तरी चाचणीतच खोट, आणि कुत्रा नापास झाला की मात्र खोट कुत्र्यात, हे कुठलं तर्कशास्त्र?

'आहारनिद्राभयमैथुनं च' (खाणं, झोप, भीती, मैथुन माणसात नि पशूत सारखंच) हे सुभाषित या फंदात पडतच नाही. पशूंहून अधिक ते काय, तर धर्म, म्हणून मोकळं होतं. रंग लावून तपासता येईल अशी ती गोष्टच नाही. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठानेही १४ जून २०२२ ला साधारण हीच वाट धरली. हॅपी हत्तिणीला प्राणिसंग्रहालयातून सोडवण्याच्या अर्जामागे तिच्या बुद्धीचे दाखले होते, ते कोणी खोडले नाहीत. हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोंडून ठेवलेल्याच्या सुटकेसाठीचा अर्ज, माणसांसाठी आहे, एवढं म्हणून ५ विरुद्ध २ मतांनी अर्ज फेटाळला.