चढ शिकायचा कोर्स

मंगळवार, १२ नोव्हेंबर, झुरिक

खिडकीबाहेर धुकं, म्हणजे नोव्हेंबर नेहमीसारखाच चाललाय. वर डोंगरात बर्फ पडायला लागलाय आणि माझ्या लॅपटॉपवर स्की टूरिंगच्या, म्हणजे स्की लावूनच डोंगर चढून उतरायच्या, कोर्सेसच्या अकरा टॅब उघड्या आहेत. यंदा नक्की जायचं, असं मी मागच्या दोन नोव्हेंबरमध्येही ठरवलं होतं.

घोळ असा की मी कुठल्याच रकान्यात बसत नाही. नऊ वर्षं पिस्टबाहेर, म्हणजे आखून, दाबून ठेवलेल्या उतारांच्या बाहेर, स्की करतेय. एंगेलबर्गचा लाउब, हजारेक मीटरचा एकच सलग उतार, किती वेळा उतरले त्याची गणती नाही. अँडरमाटला रात्री बर्फ पडला की सकाळी गेम्सश्टॉकच्या पहिल्या केबलकारसाठी ताटकळणाऱ्या वेड्यांत मी असतेच. आणि पहिल्या टॅबमधल्या, पाच दिवसांच्या नवशिक्या कोर्सची अट काय, तर ‘लाल (म्हणजे मध्यम अवघड) पिस्टवर समांतर वळणं घेता आली पाहिजेत.’ वाचून नाक मुरडलं. दहावीच्या मुलीच्या हातात बालवाडीचा फॉर्म दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या टॅबमध्ये दोन दिवसांचा ‘फ्रीराइड टूरिंग’ आहे. लिफ्टनं वर जायचं, तिथून दोन-तीनशे मीटर चढायचं आणि कोणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. सोबतीला माझ्यासारखेच लोक. फोटो असे की क्रेडिट कार्ड आपोआप हातात आलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, म्हणून वाचले.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आईला फोनवर टूरिंग म्हणजे काय ते समजावत होते. स्कीच्या खाली पट्ट्या चिकटवतात. पूर्वी सीलच्या कातड्याच्या असायच्या, आता मोहेर आणि नायलॉनच्या. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, पुढे सरकताना गुळगुळीत आणि मागे घसरायला लागलं की केस उलटे उभे राहून बर्फ धरतात. बुटाची टाच मोकळी, चवडा तेवढा अडकवलेला. असं दोन-तीन तास चढायचं. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाच अडकवायची आणि उतरायचं.

आई पुण्यातली. गुडघे धरेपर्यंत दर रविवारी सिंहगड चढलेली बाई. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं तू नुसती उतरतच होतीस?”

अगं आई.

हसले खरी, पण मग दुपारभर ते वाक्य दातात अडकल्यासारखं झालं. कारण खरंच, मला येतं ते सगळं माथ्यापासून पुढचं. माथ्यापर्यंत केबलकार नेते. कुठला उतार घ्यायचा हे बहुतेक वेळा आधीच्या लोकांच्या खुणा ठरवतात. सकाळी धोक्याचा बर्फ मुद्दाम पाडायला लावलेल्या सुरुंगांचे आवाज ऐकले की मला उगाच निर्धास्त वाटतं, पण ते सुरुंग पिस्ट सुरक्षित ठेवण्यासाठी असतात, माझ्या उतारासाठी नाहीत. हे मला माहीत आहे. माहीत असूनही निर्धास्त वाटतं, हीच तर गोम आहे. हिमस्खलनात सापडलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत ते स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेलं असतं. आणि सर्वाधिक बळी जातात ते धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरीवर. चौथीवर माणसं घरी बसतात. तिसरीवर आम्ही रांगेत उभे असतो.

संध्याकाळी स्विस नकाशावर उताराचा थर चालू करून बसले. ३० अंशांपासून पिवळा, ३५ पासून केशरी, ४० पासून लाल, ४५ च्या वर जांभळा. माझे लाडके उतार शोधले. हळदीकुंकवाचं ताट सांडल्यासारखं दिसत होतं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

बीव्हिओच्या पाच दिवसांच्या कोर्सचा जो गाइड आहे, त्याला फोन केला. बीव्हिओ म्हणजे युलिअर खिंडीच्या रस्त्यावरचं, १७०० मीटरच्या वरचं गाव. दारातून निघून चढता येतात असे बरेच सौम्य डोंगर भोवताली, म्हणून नवशिक्यांची तिथे गर्दी. मी आधी माझी नऊ वर्षं, लाउब वगैरे सगळं ऐकवलं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आपणच आपलं कौतुक सांगावं तसं. त्यानं “छान” म्हटलं आणि तीन प्रश्न विचारले.

तासाला किती मीटर उंची चढतेस? तीव्र उतारावर स्की पायात असताना वळतेस कशी? ट्रान्सीव्हरनं (बर्फाखाली गाडलेल्याचा संकेत पकडणाऱ्या यंत्रानं) शेवटचा शोध कधी घेतलास?

पहिल्याचं उत्तर माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे किक-टर्न, इथल्या भाषेत श्पिट्झकेऽर. एक पाय उचलून स्की पार उलट्या दिशेला टेकवायची आणि दुसरा पाय मागून झटक्यात ओढून घ्यायचा. मी ती फक्त व्हिडिओत पाहिली आहे. तिसऱ्याला मी गप्प. ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं दर वेळी सोबत असतात, बॅटरी दर हिवाळ्यात बदलते, पण पुरलेलं यंत्र शोधायचा शेवटचा सराव दोन वर्षांपूर्वीचा. गाडला गेलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा मोठी, मग ती झपाट्यानं खाली येते. माझ्यासोबत स्की करणारी मैत्रीण माझ्या भरवशावर असते. तिला हे सांगायला हवं.

माझ्या स्कीबद्दलही बोललो. १०८ मिलिमीटर रुंद, साधी अल्पाइन बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड), आणि बूट असे की जिना उतरताना रोबो वाटते. टूरिंगच्या पिन बाइंडिंगला बुटाच्या टोकाशी आणि टाचेशी धातूच्या खाचा लागतात, त्या माझ्या बुटांना नाहीत. तो म्हणाला, काही विकत घेऊ नकोस, पहिल्या वेळी सगळं भाड्यानं घे. स्की अरुंद आणि हलक्या मिळतील, “उतरताना तुला त्या आवडणार नाहीत.” दुकानदारांनी दोन हंगाम मला नेमकं उलटं सांगितलं होतं.

बुधवार, २० नोव्हेंबर

ऑफिस सुटल्यावर झुरिकजवळच्या युटलिबर्ग डोंगरावर घड्याळ लावून चढले. डोक्याला टॉर्च, पाठीवर आठ किलोची सॅक. चारशे मीटर उंची चढायला एक तास दहा मिनिटं. घाम निथळत होता. पहिली वीस मिनिटं धावल्यासारखी चढले आणि मग धाप लागली. म्हणजे सिंहगडावर जी चूक मी सोळाव्या वर्षी करत होते तीच. “पहिल्या टप्प्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत,” असं आई तेव्हा मागून ओरडायची.

फ्रीराइडची टॅब बंद केली. वाईट म्हणून नाही, पुढच्या वर्षी कदाचित जाईन. पण तिथे पुन्हा लिफ्ट नेणार आणि पुन्हा मी उतरण्यातच खूश होणार. शिवाय दोन दिवसांतला एक हवामानानं खाल्ला की उरतं काय? बीव्हिओला पाच दिवस आहेत, तेही मार्चमध्ये, दिवस मोठे असताना. रोज संध्याकाळी पाचला दाव्होसहून हिमस्खलनाचं बुलेटिन येतं. ते वाचून दुसऱ्या दिवशीची वाट नकाशावर सहभागींनी आखायची आणि सकाळी आळीपाळीनं पुढे राहून बर्फात ती पाडायची. मला हवंय ते हे. पैसे हजार फ्रँकच्या वर जातात, म्हणून यंदा फेब्रुवारीचे दोन वीकएंड रद्द. उतरताना सगळ्यांसाठी थांबावं लागेल. चढताना ते माझ्यासाठी थांबतील.

रात्री फॉर्म भरला. ‘अनुभव’ या रकान्यात आधी चार ओळी लिहिल्या, मग खोडून एक ठेवली. ‘आजवर केलेल्या टूर’ समोर शून्य. शेवटी पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये विचारली होती, भाड्याच्या बुटांसाठी. घरात मोजपट्टी सापडेना. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलनं रेघ ओढली आहे, उद्या ऑफिसात मोजते.