मेलेल्या किड्याचं चित्र मी काढत नाही

रताळ्याच्या वेलाची पानं उलटून बघायची सवय असेल, तर सोनकिडा तुम्हाला भेटला असणार. टिकलीएवढा जीव. कडेने पसरलेलं पारदर्शक कवच आणि त्याच्या आत खऱ्या दागिन्याची झळाळी. हा किडा मेला की त्याचं सोनं जातं, मागे उरतं मळकट तपकिरी टरफल. कवचाच्या पातळ थरांमध्ये ओलावा असतो आणि त्या थरांवरून परतणारा प्रकाश आपल्याला सोनेरी दिसतो. ओलावा आटला की संपलं. संग्रहालयाच्या पेटीत टाचणीवर टोचलेला सोनकिडा समोर ठेवून तुम्ही कितीही मन लावून चित्र काढा, त्यात सोनकिडा येणार नाही.

रंगाचं जे, तेच भावाचं. माणसाचं चित्र काढताना आपण डोळ्यांचा, ओठांचा आधार घेतो. किड्याचा चेहरा हलत नाही, त्याच्या मनात काय चाललंय ते तिथे वाचता येत नाही. मग चित्रात जीव आणायचा कुठून? पायांच्या कोनातून, मिशांच्या दिशेतून, अंगाचा भार कुठल्या बाजूला झुकलाय त्यावरून. आणि नेमकं हेच मेल्यावर आधी हरवतं. कोळ्याचंच बघा. पाय आत ओढायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण पायांचे मुख्य सांधे तो ताणतो शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. प्राण गेला, दाब गेला, आठही पाय मुठीसारखे मिटले. मेलेला कोळी बघून काढलेली चित्रं मला लगेच ओळखू येतात. रेघ सफाईदार असते, पण कोळी कुठेच जायला निघालेला नसतो.

जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररचा शिंगवाला भुंगेरा आठवा. 1505 सालचं जलरंगातलं चित्र, तळहातावर मावेल एवढं, सध्या लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्या काळी किडा म्हणजे चित्राच्या कोपऱ्यात, फुलाच्या पाकळीवर वगैरे ठेवायची गोष्ट. ड्यूररने त्याला एकट्याला कागद दिला. भुंगेऱ्याने डोकं वर उचललंय, जबडे रोखलेत, आणि पायांखाली सावली पडली आहे. त्या सावलीमुळे तो कागदावर उभा आहे असं वाटतं, आत्ता कडेपर्यंत चालत येईल. अमुक जातीचा नमुना म्हणून तो काढलेला नाही, त्या एका भुंगेऱ्याचं ते व्यक्तिचित्र आहे. मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना हे चित्र दाखवलं की आधी विचारते, हा चिडलाय की घाबरलाय? वर्गात दोन तट पडतात आणि दोन्ही तट पायांकडेच बोट दाखवतात.

जिवंत किडा समोर थांबत नाही, ही सगळ्यांची तक्रार. खरी आहे. पण आपल्याकडे ग्रेड परीक्षेला स्मरणचित्र असतं, त्याचा इथे फार उपयोग होतो. जत्रा, बाजार, पंक्चर काढणारा सायकलवाला हे विषय मुलं आठवणीतून काढतातच की. तसंच किड्याकडे पेन्सिल खाली ठेवून बघायचं, तो उडून गेला की वही उघडायची. काय बघायचं ते माहीत हवं. सहा पायांचा किडा चालतो तेव्हा एका बाजूचा पुढचा आणि मागचा पाय आणि दुसऱ्या बाजूचा मधला पाय एकदम उचलतो. उरलेले तीन जमिनीवर तिकाटणं धरतात. एवढं डोक्यात पक्कं असलं की मुंगीची चाल दोन-चार रेघांत उतरते. सगळे पाय सारखे पसरले तर ती पुस्तकातली आकृती होते.

सोनकिड्याच्या सोन्यासाठी बाजारातला सोनेरी रंग वापरू नका, असं मी कळकळीने सांगते. तो कागदावर मातीसारखा बसतो. मी पाठीवरचा एक ठिपका कोरा कागदच ठेवते, भोवती पातळ पिवळा, कडेला बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, आणि शेजारचं पान जवळजवळ काळं वाटेल इतकं गडद हिरवं. चमक त्या काळोखाने येते.

मुलं काड्यापेटीतून किडे आणतात. मी ते परत जिथले तिथे सोडायला लावते. मे 1889 मध्ये फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या इस्पितळात असताना चित्रकार व्हॅन गॉगला एक मोठा, दुर्मीळ पतंग दिसला. त्याने त्याचं रेखाटन केलं आणि भावाला कळवलं, की रंगवायचा तर याला मारावं लागलं असतं, आणि इतक्या सुंदर जिवाला मारणं वाईट झालं असतं. चित्र त्याने तरीही रंगवलंच, आणि ते आज आपण बघतो. चित्रासाठी किडा मारावा का, हा वाद माझ्या दृष्टीने तिथेच मिटतो.

किड्यांची चित्रं काढणारी मारिया सिबिला मेरियन मात्र मला सगळ्यांत जवळची. लहानपणी रेशमाचे किडे पाळून ही बाई बघायला शिकली, आणि 1699 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. 1705 साली तिचं साठ चित्रांचं पुस्तक निघालं. त्यात पेरूच्या फांदीवर कोळी आणि मुंग्या असलेलं एक चित्र आहे. पानं कातरणाऱ्या मुंग्या एकमेकींना धरून अंगांचाच पूल करतात, आणि एक थोराड कोळी चिमुकल्या पक्ष्याला खातोय. किती हिंसा, किती घाई आणि केवढी एकजूट आहे त्या एका फांदीवर! सुबक फुलपाखरांच्या शंभर चित्रांपेक्षा मला ही फांदी हवी.

सध्या आमच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी चिखलाचं घर बांधते आहे. जबड्यात चिखलाची गोळी आणते, ती लिंपताना बारीक गुणगुणते, मग कोळी डंखाने लुळा करून आत भरते. तिची कंबर दोऱ्याइतकी बारीक आहे, आणि गोळी दाबताना सगळं अंग त्या दोऱ्यावर तोललेलं असतं. मला तो तोल काढायचा आहे. पंख, पट्टे, डोळे सगळं नंतर. खिडकी पावसापर्यंत उघडायची नाही असं घरात सांगून ठेवलंय.