मिश्री सोडण्याचा हेतू कसा मोजावा : माझ्या लघुप्रबंधाचा अनुभव

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंध लिहावा लागतो. माझ्या वर्गातील बहुतेकांनी परीक्षेचा ताण किंवा मोबाइलचा अतिवापर असे विषय घेतले. मला मात्र मिश्री लावणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करायचा होता, कारण आमच्या पाटण तालुक्यात तंबाखू म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे पुरुषांचा गुटखा आणि बिडीच येते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून ती रोज सकाळी दातांना लावणाऱ्या बायका कोणाच्या हिशेबातच नसतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांत धूररहित तंबाखू घेणारे लोक धूम्रपान करणाऱ्यांच्या कितीतरी पट होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र ना वेष्टन, ना त्यावरचे इशाऱ्याचे चित्र.

विषय सांगितल्यावर मार्गदर्शक बाईंनी लगेच विचारले, ‘सिद्धांत कोणता घेणार?’ आरोग्यविषयक वर्तनाचे सिद्धांत वाचायला लागले की प्रथम आरोग्य-श्रद्धा प्रारूप समोर येते. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी ते मांडले. क्षयाच्या तपासणीसाठी छातीचा एक्स-रे जवळपास उपलब्ध असूनही लोक का येत नाहीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. धोका किती जवळचा वाटतो, आजार किती गंभीर वाटतो, उपायाचा लाभ किती आणि अडचणी किती, यांवर कृती ठरते, असे त्याचे थोडक्यात म्हणणे आहे. पण आमच्या गावातील बायकांशी नुसते बोलले तरी दिसत होते की मिश्री वाईट आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको. ‘कॅन्सर हुतो म्हंत्यात’ हे वाक्य मिश्रीची डबी हातात असतानाच बोलले जाते. त्यामुळे अभिवृत्ती (एखादी गोष्ट चांगली की वाईट वाटते, हा मनाचा कल), हेतू आणि प्रत्यक्ष वर्तन यांची साखळी मांडणारा सिद्धांत मला जवळचा वाटला.

मार्टिन फिशबाइन आणि आयसेक आयझेन यांनी १९७५ च्या ग्रंथात या साखळीची मांडणी केली, आणि माणसाला वागणे नेहमीच आपल्या हाती आहे असे वाटत नाही, हे लक्षात घेऊन आयझेन यांनी पुढे तिसरा घटक जोडला; १९९१ चा त्यांचा लेख आजही या विषयाचा मुख्य आधार मानला जातो. नियोजित वर्तनाचा हा सिद्धांत सांगतो की एखादी गोष्ट करण्याचा हेतू तीन गोष्टींतून घडतो: ती करण्याविषयीची आपली अभिवृत्ती, आपल्या माणसांचे त्याविषयी काय मत आहे याची जाणीव, आणि ती करणे आपल्याला कितपत जमेल याचा अंदाज. या तिन्हींच्या मुळाशी त्या माणसाच्या मनात सहज येणाऱ्या समजुती असतात. त्या समजुती बरोबर आहेत की चूक, हा प्रश्न येथे नंतरचा असतो.

या सिद्धांताने मला सर्वांत मोलाचे काही शिकवले असेल तर ती प्रश्न नेमका करण्याची शिस्त. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा १९७९ चा अभ्यास मी अनेकदा वाचला. अमेरिकेतील विवाहित स्त्रियांना त्यांनी संततिनियमनाविषयी त्यांचे सर्वसाधारण मत विचारले, तेव्हा त्या मताचा आणि पुढील दोन वर्षांत गर्भनिरोधक गोळ्या घेण्याचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) केवळ ०.०८ निघाला. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः या गोळ्या घेण्याविषयी तुम्हाला काय वाटते?’ असे विचारले, तेव्हा तो ०.५७ वर गेला. स्त्रिया त्याच, गोळ्याही त्याच. कृती, तिचा संदर्भ आणि काळ यांसह प्रश्न विचारल्यावर उत्तराला वजन आले. म्हणून माझ्या प्रश्नावलीत ‘तंबाखूविषयी तुमचे मत’ असा प्रश्न कोठेच नाही. ‘येत्या महिनाभर सकाळी उठल्यावर मिश्री न लावणे’ हे एकच वर्तन मी ठरवले आणि प्रत्येक प्रश्न त्याच शब्दांभोवती रचला.

नीतिविषयक समितीची परवानगी रीतसर मिळाली. त्यानंतरचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि घाईत असलेले विद्यार्थी नेमका तोच गाळतात. आयझेन यांच्या पद्धतीनुसार प्रश्नावली लिहिण्यापूर्वी लोकांना मोकळे प्रश्न विचारायचे असतात: हे केल्याने काय बरे होईल, काय वाईट होईल, कोणाला ते आवडेल, कोणाला आवडणार नाही, कशाने सोपे जाईल, कशाने अवघड. घरात सासू आणि जावा बसलेल्या असताना ही उत्तरे मिळत नाहीत. गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य-स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, यांनी सुचवल्यावरून मी दुपारी भांडी घासायच्या वेळी परसदारी जाऊन बसू लागले आणि तेथे बायका मनापासून बोलल्या.

पुस्तके वाचून कर्करोग, दातांचे किडणे आणि खर्च या समजुती मला अपेक्षित होत्या, आणि त्या आल्याही. पण जवळजवळ प्रत्येकीने न विचारता आधी सांगितली ती वेगळीच गोष्ट. एक काकू म्हणाल्या, ‘मिश्री लावल्याबिगर परसाकडला हुतच न्हाय बघ. मग दिसभर डोकं जड.’ दुसरीने दाढेचा ठणका सांगितला: मिश्री दाबून धरली की दाढ थांबते आणि दवाखान्यात जायला लागत नाही. या दोन समजुती गाळून केलेली कोणतीही प्रश्नावली या बायकांसाठी परकी ठरली असती. त्यांत अनुभवाचा भाग आहेच. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर त्याची मागणी करते. डोके जड होणे हा त्या काकूंच्या मनाचा खेळ नव्हता.

‘आपल्या माणसांचे मत’ या घटकाने मला फार विचार करायला लावले. ‘तुम्ही मिश्री सोडावी असे घरच्यांना वाटते का?’ या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर ‘हो’ असेच येई. नवऱ्याला वाटते, मुलांना तर फारच वाटते. मात्र त्याच घरात सासूची डबी कोनाड्यात असते आणि सकाळी दोघी शेजारी बसून मिश्री लावतात. लोक काय म्हणतात आणि लोक काय करतात, हे दोन निराळे दाब आहेत. फिशबाइन आणि आयझेन यांनी २०१० च्या मांडणीत दोन्हींना जागा दिली आहे, म्हणून मी ‘तुमच्या घरातील आणि आळीतील बायका सकाळी मिश्री लावतात का?’ हा प्रश्नही घेतला.

उत्तरे सात पायऱ्यांवर घ्यायची होती. न वाचणाऱ्या बायकांसाठी मी पुठ्ठ्यावर लहानापासून मोठे होत जाणारे सात चौकोन काढले आणि मनाला पटेल त्या चौकोनावर पावट्याची बी ठेवायला सांगितले. बी हातात घेऊन त्या क्षणभर विचार करीत, कधी ठेवलेली बी एक घर मागे घेत. आकडेमोडीच्या दृष्टीने ही साधी बाब असेल, पण इतक्या गांभीर्याने दिलेली उत्तरे मी शहरातल्या छापील प्रश्नावल्यांमध्ये पाहिलेली नाहीत.

महिन्याने मी पुन्हा त्याच घरी गेले. हेतूच्या प्रश्नावर शेवटच्या, म्हणजे सर्वांत ठाम होकाराच्या चौकोनात बी ठेवणाऱ्या अनेक जणी मिश्री लावतच होत्या. हे दृश्य माझ्या गावापुरते नाही. आर्मिटेज आणि कॉनर यांनी २००१ मध्ये १८५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा या सिद्धांताने माणसामाणसांच्या हेतूंमधील ३९ टक्के फरक उलगडला, वर्तनातील मात्र २७ टक्के. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये दाखवले की हेतूत चांगला बदल घडवून आणला तरी वर्तनातील बदल बराच लहान राहतो. २०१४ मध्ये तर स्नीहोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सिद्धांत आता निवृत्त करावा, असे लिहिले. मला ते मत टोकाचे वाटते. सिद्धांत सवयीबद्दल आणि व्यसनाच्या शारीरिक ओढीबद्दल फारसे बोलत नाही, हे खरे. पण बायकांच्या मनात काय आहे ते मला त्यानेच विचारायला लावले.

हेतू आणि कृती यांमधील दरीसाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची कल्पना मला उपयोगी पडली. ‘मी सोडणार’ एवढा निश्चय पुरत नाही. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक घडले तर मी अमुक करीन, असे आधी ठरवून ठेवले की तो प्रसंग स्वतःच कृतीची आठवण देतो. इंग्लंडमध्ये शीरन आणि ऑर्बेल यांनी २००० मध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीबाबत हे करून पाहिले: तपासणीची वेळ केव्हा, कोठे आणि कशी घेणार, हे लिहून काढणाऱ्यांपैकी ९२ टक्के स्त्रिया तपासणीला गेल्या, तर न लिहिणाऱ्यांपैकी ६९ टक्के. दुसऱ्या भेटीच्या शेवटी मी इच्छुक बायकांबरोबर अशी वाक्ये तयार केली. त्या काकूंचे वाक्य असे झाले: ‘चूल पेटवून पाणी ठेवलं आन् हात डबीकडं गेला, तर आदी तांब्याभर कोमट पानी पिईन आन् तोंडात बडीशेप टाकीन.’ चूल, पाणी, डबी, कोनाडा हे सगळे त्यांनीच सुचवले; मी फक्त लिहून घेतले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, ‘सिद्धांताने वर्तन पुरेसे उलगडले नाही, मग प्रबंधाचे फलित काय?’ मी उत्तर दिले की आमच्या भागातील तंबाखूविरोधी भाषणे कर्करोगापासून सुरू होतात आणि तेथेच संपतात, तर ज्या समजुतींमुळे सकाळी हात डबीकडे जातो त्या वेगळ्या आहेत, हे आता कागदावर आले आहे. परीक्षकांनी आणखी काही प्रश्न सांख्यिकीवर विचारले आणि प्रबंध स्वीकारला गेला.

त्यानंतर आशाताईंनी गृहभेटींसाठी एका पानाचा मजकूर मागितला. तो मी उपकेंद्रातील सिस्टरांकडून तपासून घेऊन दिला आहे. त्यात शौचाची तक्रार, ती किती दिवसांत थांबते आणि तोवर काय खावे-प्यावे, हे सर्वांत वर आहे. मग दाढेचा ठणका आणि जवळचा दंतवैद्य. मग प्रत्येकीने स्वतःचे ‘हात डबीकडे गेला तर’ हे वाक्य भरायची मोकळी ओळ. त्याखाली १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा राष्ट्रीय मोफत क्रमांक. आणि कर्करोगाची माहिती शेवटी.